भुंड्या हातांच्या पोरी

६ जानेवारी १९५७, रविवार

नदीपलीकडच्या बांगडी कारखान्याचे मॅनेजर बबनराव आज स्वतः दुकानात आले. आमचं दुकान म्हणजे चिंचवड स्टेशनसमोरची दीड खोली. गिऱ्हाईक आत आलं की मी कडेला सरायचं, एवढीच जागा. दादाने त्यांना खुर्ची पुसून दिली आणि स्वतः हात बांधून उभा राहिला. माझा सख्खा थोरला भाऊ, पण मोठा माणूस दिसला की याचा कणा कुठे जातो देव जाणे.

कारखान्याला पंचवीस वर्षं होताहेत. रथसप्तमीला समारंभ आहे, मुंबईहून पाहुणे येणार आहेत. बबनरावांनी फडक्यात गुंडाळून एक जुनी काच आणली होती, कारखाना सुरू झाला त्या वर्षीच्या फोटोची निगेटिव्ह. तिच्यावरून मोठा फोटो काढून रंगवायचा, पण सगळा नाही.

"शेठचा फेटा गुलाबी करा, दारावरचं तोरण आणि बांगड्यांची रास हिरवी. बाकी राहू द्या काळं-पांढरं. रंग असतो तिथेच नजर जाते, हिंदुराव."

"व्हय साहेब," दादा म्हणाला.

मी विचारलं, "आणि या पोरी?" शेठच्या पुढे ओळीने पोरी उभ्या होत्या, सगळ्या दहा-बारा वर्षांच्या आतल्या.

"त्यांचं काय? कोपऱ्यात राहतील," बबनराव म्हणाले, तेही दादाकडे बघून. फोटो दादा काढतो, रंग मी भरते. पण पाटीवर 'हिंदुराव फोटो स्टुडिओ' एवढंच आहे आणि बबनरावांना खरं सांगायचं दादाला सुचलं नाही. जाताना ते म्हणाले, काम पसंत पडलं तर कारखान्यातल्या सगळ्या कामगारांच्या पासाचे फोटो कायम आमच्याकडे. तेव्हापासून दादा हवेत आहे.

९ जानेवारी, बुधवार

प्रिंट झाली. वहिनी बाळंतपणाला महाळुंग्याला माहेरी गेली आहे, त्यामुळे चूल आणि रंग दोन्ही माझ्याच माथी. भात लावून बसले आणि भात करपला, कारण या पोरींवरून डोळा हलेना. कुणाचं नाक काजळीने काळं, कुणाच्या परकराला ठिगळ. सगळ्यांनी दोन्ही हात पुढे धरलेत, तळवे खाली, जणू कुणाला आंगठ्या दाखवताहेत. काय ही फोटो काढायची तऱ्हा.

फेटा रंगवला, तोरण रंगवलं. मग म्हटलं, कोपऱ्यात राहतील काय? बघू तर कशा राहतात. पोरींना घेतलं. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की बाईमाणसाचा हात भुंडा सोडायचा नाही. फोटोत बांगडी उमटली नसेल तर हिरवी रेघ ओढायची, नाहीतर गिऱ्हाईक अपशकुन केला म्हणून फोटो परत आणतं. या पोरींच्या मनगटांत तर काहीच उमटलेलं नव्हतं. जुनी काच, पुसलं गेलं असणार. मी प्रत्येकीला चार-चार बांगड्या भरल्या. इतका जीव लावून कासारसुद्धा भरत नसेल.

भरताना स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं. नवऱ्याने दुसरी केली आणि मला इथे पाठवलं, तरी मी दर संक्रांतीला डझनभर बांगड्या भरते. बाया कुजबुजतात. कुजबुजू देत. नवरा गेला, मनगटं काही तो घेऊन गेला नाही.

१२ जानेवारी, शनिवार

पोरी रंगवल्या म्हणून बबनराव भडकतील असं वाटलं होतं, आणि मी पदर खोचून तयार होते. ते तर खूश.

"वा, हिंदुराव. भरल्या हातांच्या पोरी. ही कल्पना आम्हाला कशी सुचली नाही?" त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "हाच लावायचा. खाली लिहू, कारखान्याच्या लेकी. हल्ली लहान मुलांच्या कामावरून वरचे लोक नाही नाही ते विचारतात. हा फोटो पाहिला की विचारणार नाहीत."

जुन्या कामगार बायांनाही बोलावणार आहेत. शेठच्या बाई त्यांना हळदीकुंकू लावून संक्रांतीचं वाण देणार, कारखान्याच्या हिरव्या बांगड्या. मला मनातून बरं वाटलं. कौतुक दादाच्या नावावर गेलं, पण रंग माझाच ना.

१४ जानेवारी, सोमवार, संक्रांत



दुपारी रहाटणीची गवराबाई आली. पस्तिशीची, काटक बाई, डोक्यावर वांग्यांची पाटी. लहानपणी ती त्या कारखान्यात होती. तिलाही समारंभाचं आवतण आहे. फोटो इथे आहे असं कळलं म्हणून बघायला आली. मी हौसेने समोर मांडला.

"ही मी," ती म्हणाली. बोट फोटोच्या वरच थांबवलं, टेकवलं नाही. हसली. मग हसू गेलं.

"ह्या बांगड्या कुनी भरल्या?"

"मी."

"पुसून टाक."

मला वाटलं, रंग आवडला नाही. म्हटलं, हिरव्या नको तर लाल करते.

"ताई, ही झडती हाय." ती खाली बसली. "सुटी झाली की दारात रांग लावायची आन् हात म्होरं करायचं. मनगटात बांगडी घावली की ती कारखान्याची. मंग घरनं ल्येऊन आलेली का आसंना. म्हनून आया आमच्या हातात काय बी ठेवत न्हवत्या. दिसभर दिव्यावर बांगड्यांची तोंडं जोडायची आन् सांजंला भुंड्या हातानं घरला जायचं. वाटंत बाया इचारायच्या, एवढीशी पोर कवा रांडावली म्हनून."

 दादा पडद्याशी उभा राहून ऐकत होता.

"ही कडंची कुशी. हा फोटू काडल्यावर म्हैन्याभरानं मामीनं तिला बांगड्या भरल्या. पोर ती, काडायची इसरली. समद्यांम्होरं हानली तिला. चोर म्हनून हाकलली. आज माण गावाला नांदती, नातवंडं व्हायची येळ आली, तरी कुशी बांगडीचोरच." गवराबाईने फोटो माझ्याकडे सरकवला. "आन् तू आमा समद्यांच्या हातात बांगड्या घातल्यास. त्या रांगंत जी जी हुती ती बघंल आन् म्हनंल, कुशी चोरच हुती आन् गवरी बी."

मी म्हटलं, "अहो, मुंबईच्या पाहुण्यांना यातलं काय कळणार?"

"पावन्यास्नी न्हाई कळायचं. आमास्नी कळंल."

जाताना माझ्या हातून तीळगूळ घेतला. गोड बोल असं काही म्हणाली नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

राग आला. आधी गवराबाईचा, मग स्वतःचा, शेवटी बबनरावांचा. तो टिकला.

बांगड्या धुऊन काढायला बसले. कापसाचा बोळा, कोमट पाणी. पण हा रंग कागदाच्या कातडीत मुरतो. बांगडी गेली आणि मनगटावर हिरवट डाग राहिले, कुणीतरी हात पिरगळावा तसे. एकीचे हात धुतले आणि थांबले. ते डाग पुन्हा बांगड्यांखाली लपवताना मला माझीच शिसारी आली. नवी प्रिंट हवी, दुसरा इलाज नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

दादाशी कडाक्याचं भांडण.

"दुसरी प्रिंट काढ."

"कागद न्हाई."

"पुण्याहून आण."

"शालन, साहेबांनी पसंत केलाय. आपल्याला काय करायचंय?"

"तू ऐकलंस ना गवराबाई काय म्हणाली ते?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? ते कारखान्याचं हाय. मन मानंल तसं त्यात आपल्याला करता येतं का?"

मी म्हटलं, तू फोटो काढतोस ते काळ्या फडक्यात डोकं घालून, आणि जगतोसही तसाच. त्यावर तो अर्धी भाकरी टाकून उठला आणि वहाणा घालून कुठेतरी गेला. संध्याकाळी पुण्याच्या गाडीने उतरताना रेशनवाल्याला दिसला म्हणे. घरात भांडण पेटलंय आणि हे पुण्याला मजा मारायला.

आपलाच दाम खोटा, तर दुसऱ्याला काय बोलायचं?

१९ जानेवारी, शनिवार

देव आहे. सकाळी अंधारखोली झाडायला गेले तर दोरीवर चिमट्याला एक प्रिंट. तीच, कोरी. दादाने पहिल्याच दिवशी दोन काढल्या असणार आणि विसरला असणार. विसरभोळा आहे ते एका परीने बरंच. कागद अजून ओलसर होता, पण या थंडीत पापडसुद्धा वाळत नाहीत.

दादा उन्हं वर आली तरी झोपलेला. मी प्रिंट पदराखाली घालून माझ्या फळीवर नेली. त्याला कळू द्यायचं नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

मी ठरवलंय. फेटा नाही, तोरण नाही, बांगड्यांची रास नाही. रंग फक्त पोरींना, चेहरे आणि हात. रंग असतो तिथे नजर जाते, असं बबनरावच म्हणाले होते. त्यांचं बोलणं मी शिरसावंद्य मानते.

काल वांगी आणायचं निमित्त करून रहाटणीला जाऊन आले. गवराबाई शेतात पाणी धरत होती. विचारलं, हात कसे होते तेव्हा?

"हाताला काय व्हतंय, हातासारखे हात."

मग स्वतःच म्हणाली, "बोटांची टोकं पांढरी. भाजून भाजून कातडं ग्येलेलं. आय रातच्याला लोनी लावायची. शेजारचं मांजार येऊन बोटं चाटायचं." आणि ती हसायला लागली. मला हसू येईना.

आज दिवसभर तेवढंच केलं. डबीतला अंगाचा रंग बघितला तर मडमेचा, गुलाबी. त्यात तपकिरी घालत गेले, किंचित पिवळा, तेव्हा कुठे आमच्याकडच्या पोरी व्हायला लागल्या. मनगट फार अवघड. एरवी मी तिथे हिरवी रेघ ओढून मोकळी होते, त्यामुळे मनगट रंगवायची वेळच कधी आली नव्हती. इतकी वर्षं रंग भरते आणि बाईचं उघडं मनगट पहिल्यांदा नीट बघितलं. कुशीचा हात सगळ्यात शेवटी केला. बारीक हाड आहे तिथे.

दादा दोनदा डोकावला. मी वरून वर्तमानपत्र ओढलं. त्याला काही दिसलं नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार

दादाने सुताराकडून चौकट आणली. आणली ती एक नाही, दोन, अगदी सारख्या. म्हटलं, दुसरी कशाला?

"सुताराला बोलताना चुकून दोन सांगितल्या."

याला म्हणतात आंधळा कारभार. पण आंधळा दळतो आणि कुत्रं पीठ खातं, आज ते कुत्रं मी झाले. बबनरावांचा फोटो त्याने एका चौकटीत बसवला. तो मागे वळताच मी माझा दुसरीत बसवला.

दुपारी कारखान्याचा शिपाई आला. दादा समोर असताना अदलाबदल करायची कशी? तेवढ्यात तोच म्हणाला, "शालन, तू बांधून दे. मी जरा पान खाऊन येतो."

दादा पान खात नाही. स्टेशनवर चकाट्या पिटायची नवी सवय लागलेली दिसते. असू दे, देवानेच बुद्धी दिली. मी माझा फोटो कागदात बांधला, वर सुतळीची घट्ट गाठ मारली आणि शिपायाच्या हातात दिला. बबनरावांचा फोटो रॉकेलच्या डब्यामागे ठेवला.

दादा परत आला. "दिलास?" म्हणाला.

"दिला."

"बरं झालं."

त्याला कळलं तर तो मला घराबाहेर काढेल. वहिनी बाळ घेऊन येईल तेव्हा घरात काम नसेल आणि त्याला कारण मी असेन. हे मला माहीत आहे. तरीही दिला.

६ फेब्रुवारी, बुधवार, रथसप्तमी

कारखान्याच्या पटांगणात मांडव. शेठ, मुंबईचे पाहुणे, बबनराव खुर्च्यांवर. आम्ही बाया सतरंजीवर. जुन्या कामगार बाया आठ होत्या. गवराबाई पुढेच बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. तिला वाटत होतं, बांगड्यांचाच फोटो येणार. तरी आली होती.

पाहुण्यांनी पडदा ओढला.

शेठ काळे, फेटा काळा, तोरण काळं, सगळा कारखाना राखेसारखा. आणि त्याच्या पुढे नऊ पोरींचे चेहरे आणि अठरा हात, जिवंत माणसाच्या रंगाचे. बोटांची टोकं पांढरी. मनगटं उघडी. मी स्वतः रंगवलेत, पण असे लांबून पहिल्यांदाच बघितले.

बबनरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी तो पोटभर बघितला.

पाहुण्यांनी विचारलं, "या मुलींनी हात असे का धरलेत?"

"नमस्काराच्या तयारीत होत्या, साहेब," बबनराव म्हणाले.

गवराबाई उभी राहिली. आवाज चढवला नाही. "झडती हाय ती. बांगडी चोरली का बघत्यात. कुनीबी चोरली न्हवती. फोटूत दिसतंय."

पाहुणे शेठकडे बघायला लागले, शेठ बबनरावांकडे. कुणीतरी बँड वाजवायची खूण केली. घाईघाईने हळदीकुंकू सुरू झालं. शेठच्या बाई कुंकू लावत पुढे, मागून कासार बांगड्यांची करंडी घेऊन. गवराबाईपाशी येऊन तो म्हणाला, "हात पुढं करा, बाई."

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"वाण हाय, बाई. वाण परतवू नये."

"तवा म्होरं केलं हुतं हात," गवराबाई म्हणाली. "लई येळा केलं हुतं. आता न्हाई करायची."

तिच्या शेजारणीनेही हात पदराखाली घेतले, मग तिच्या शेजारणीने. दोघींनी भरून घेतल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, संक्रांतीचं वाण परतवायला छाती लागते. बाकी सहाजणी कुंकू लावून घेऊन तशाच उठल्या.

कासाराला मी माहीत आहे. तो माझ्यापाशी आला. माझ्या हातात माझ्या पैशांच्या बांगड्या होत्या. मी म्हटलं, "जागा नाही."

७ फेब्रुवारी, गुरुवार

बबनराव सकाळीच आले. बगलेत फोटो. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"हिंदुराव, हे काय आहे?"

मी पुढे होणार तोच दादा म्हणाला, "चूक माझी, साहेब. चौकट मी बांधली."

त्याने नाही, मी बांधली होती. घाबरला की काय बोलतो याचं दादाला भान राहत नाही. मला मात्र भलतंच भरून आलं, का ते कळलं नाही.

बबनरावांनी फोटो टेबलावर ठेवला. आवाज मऊ केला, तो त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट. "झालं ते झालं. पाहुण्यांना फोटोची प्रत हवी आहे. यात बांगड्या भरून द्या, आम्ही सांगू की काल अर्धवट फोटो लागला होता. पासांचं काम तुमचंच. नाही भरल्यात तर स्टेशनच्या या बाजूला कारखान्याचा एक माणूस तुमच्याकडे फोटोला येणार नाही."

मी दादाकडे बघितलं. आता 'व्हय साहेब' म्हणणार, माझ्या हातात ब्रश देणार. माझे हात मी मागे घेतले होते.

दादा म्हणाला, "रंग ती भरती. तिला इचारा."

बबनराव माझ्याकडे वळले. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते.

"नाही भरणार," मी म्हटलं.

"का?"

"त्यांच्या हातात नव्हत्या."

ते गेले. जुनी काच घेऊन गेले, फोटो टेबलावरच राहिला. दादा बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत बसला, ती स्वच्छ असताना. मी म्हटलं, काम गेलं. म्हणाला, गेलं. मी म्हटलं, वहिनीला काय सांगशील? म्हणाला, "सांगीन, पोरीची आत्या अशी हाय." महाळुंग्याहून निरोप आलाय, मुलगी झाली. कधी आला ते मला सांगितलंसुद्धा नव्हतं. असला हा माणूस.

१० फेब्रुवारी, रविवार

दुकानाच्या दर्शनी काचेत इतकी वर्षं एका नवरा-नवरीचा फोटो होता. सकाळी बघते तर तो खाली, आणि त्या जागी पोरी. दादा म्हणाला, नवरा-नवरीचा फोटो उन्हाने विटला होता म्हणून काढला, दुसरं काही हाताशी नव्हतं. याला धंद्यातलं कणभर कळत नाही. पाळीवरून सुटलेले कामगार याच रस्त्याने जातात, आणि आता प्रत्येकजण थांबतो. सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं. लावलाय तर लावलाय.

दुपारी गवराबाई आली, बरोबर एक बाई. उंच, वाकलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. दोघी काचेपाशी थांबल्या. मी आतूनच बघत होते.

"ही बग," गवराबाई म्हणाली. "कडंला."

ती बाई काचेला नाक लागेपर्यंत पुढे झाली. किती वेळ तशीच. मग तिने पदर मागे सारला आणि स्वतःचा हात काचेवर, फोटोतल्या त्या हाताशेजारी ठेवला.

"काय बी न्हाई," ती म्हणाली.

"न्हाईच. म्या सांगत हुते तुला."

मला वाटलं, रडेल. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. ती रडत नव्हती. तिने पाणी घेतलं, चूळ भरली, तोंड पुसलं. समोरून पाळी सुटलेल्यांचा लोंढा येत होता, त्यात तिच्या वयाच्या दोन-तीन बायाही होत्या. कुशाबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "हिकडं या. माझा हात बगा."